केरूतात्यांची बोरं

माणसाचं वजन शेळीत मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तिसगावच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी शेजारच्या ओट्यावरून एका म्हाताऱ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "दीड शेळी. लई तर पावनेदोन."

हे केरूतात्या. तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. औषध जनावराच्या अंगलोटावर ठरवायचं, हा धडा पेन्शनीत निघाल्यावरही सुटला नव्हता. गुरं सुटली म्हणून माणसं धरली, एवढाच फरक. सरपंच म्हणजे एक वासरू, पोस्टमन एक शेळी, आणि पोस्टमनच्या मातोश्री "कोंबडीपेक्षा जरा जास्ती".

औषध मात्र वासरापासून कोंबडीपर्यंत एकच. बोर. तोंडाला चव नाही, बोरकूट खा. केस गळतात, बोरीचा पाला वाटून लावा. झोप नाही, सुकी बोरं दुधात उकळून प्या. पोटुशी बाई ओकून हैराण झाली, तर सुक्या बोराचा आंबट गर जिभेवर धरा. ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या, पण माळावरच्या बोरी तग धरून होत्या, त्यामुळे तात्यांचा दवाखाना काही बंद पडला नाही.

नगरच्या कुणा जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराने त्यांना एकदा चीनची बोरं दिली होती. हकीम लोक त्यांना उन्नाब म्हणतात. लाल, सुरकुतलेली पाचसहा बोरं तात्यांनी काचेच्या बरणीत घालून देवळीत ठेवली होती. ती द्यायची नाहीत, नुसती दाखवायची. "चिनी मानूस हजारो वर्सं ह्येच खातोय," ते सांगत. "खोकल्याला, झोपेला, रगताला. आन ह्याचीच चुलतभावंडं आपल्या बांधावर हायेत, तर आपन ती शेळ्यांना घालतो." चीनशी लढाई झाली तेव्हा पारावर चीनला शिव्या घालण्याची चढाओढ लागली होती म्हणे. तात्यांनी तीत भाग घेतला, पण बोराला आधी वगळून घेतलं.

मी संगमनेरचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी, तेव्हा मला असल्या बढायांचं काय कौतुक? सगळं हसण्यावारी नेत होतो.

मग मला खोकला लागला.

शाळेशेजारी दुष्काळी कामावर खडी फोडली जायची आणि दिवसभर वर्गात धुरळा यायचा. तात्या रोज सकाळी काढा घेऊन हजर. सुकी बोरं, आलं, गूळ, आणि पावणेदोन शेळ्यांच्या हिशोबाने भरलेला तांब्या. घशाला बरं वाटायचं. दुपारी खोकला परत. हळूहळू सदरे ढगळ व्हायला लागले. तात्या मला बघून पुटपुटायचे, "सव्वा शेळी."

आता मला हसू येईना. माझं लग्न ठरलेलं होतं. खोकला, वाळत चाललेलं अंग. त्या आजाराचं नाव मनातसुद्धा उच्चारायची माझी छाती नव्हती. घरी कळवलं नाही, डॉक्टरकडे गेलो नाही. डॉक्टर ते नाव तोंडाने घेईल, याची धास्ती होती. त्यापेक्षा बोरं बरी.

सोळाव्या दिवशी तात्या काढ्याशिवाय आले. अंगात कोट, डोक्याला धुतलेली टोपी.

"चला नगरला. छातीचा फोटू काढू."

"आणि बोर?"

"बोर पंधरा दिस. म्होरं डाक्टर."

"अहो, मला काही झालेलं नाही," असं म्हणता म्हणताच मला ढास लागली.

"ते फोटूला सांगू द्या," तात्या म्हणाले आणि माझ्या चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या.

एस.टी.त ते एक अक्षर बोलले नाहीत. दवाखान्यातल्या बाकावर आमच्यासमोरून निरनिराळ्या आकाराचे शंभरेक पेशंट गेले असतील, पण तात्यांनी एकाचंही वजन सांगितलं नाही. थुंकी तपासून झाली, फोटो झाला. चारच्या सुमाराला डॉक्टरांनी आत बोलावलं.

"छाती साफ आहे. धुळीचा खोकला. तोंडाला फडकं बांधत जा आणि वेळेवर जेवा."

मला त्या डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला असेल कोण जाणे. बाहेर येऊन दोन चहा सांगितले, वर भजी सांगितली, आणि जिवात जीव आल्यामुळे थट्टाही सुचली.

"काय तात्या, स्वतःच डॉक्टरकडे आणलंत. चिनी माणूस काय म्हणेल?"

तात्या हसले नाहीत. फोटोचं पाकीट मांडीवर सरळ करत राहिले.

"आमच्या कारभारनीला असाच खोकला हुता," ते म्हणाले. "मी आठ म्हैने काढा देत बसलो. रोज इचारायचो, रोज म्हनायची, बरं वाटतंय. मला वाईट वाटू नये म्हनून म्हनायची." चहा तसाच होता. "बोर वाईट न्हाई, मास्तर. मला थांबायचं कळलं न्हाई."

मी भज्यांची बशी त्यांच्याकडे सरकवली. मला या माणसाची मनापासून माया वाटली, आणि इतके दिवस त्यांना हसत होतो याची लाजही.

परतीच्या गाडीत मात्र तात्यांना कंठ फुटला. फोटो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी तो आधी कंडक्टरला दाखवला, मग मागच्या बाकावरच्या दोन बायकांना. "आमच्या मास्तरांची छाती. बघा की, समदी साफ हाय." बायकांनी मान डोलावली.

घरापाशी पोचल्यावर मी पाकीट मागितलं. तात्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"ऱ्हाऊ द्या माझ्याकडं," ते म्हणाले. "माझ्या घरात एक तरी साफ छाती असू द्या."