लेखातले नमस्कार

"कोलापो, तुझा लेख सुरू कुठे होतो रे?" मोरोलाके बाईंनी चौथं पान उलटत विचारलं.

"पहिल्याच पानावर, बाई."

"पहिल्या पानावर तू नमस्कार घालतोयस! आधीच्या संशोधकांना, त्यांच्या गुरूंना, गुरूंच्या गुरूंना. शेवटी मला! वाचणारा दारात ताटकळलाय आणि तुझं लोटांगण काही संपत नाही."

इबादानच्या विद्यापीठात बाई दर शनिवारी नव्या संशोधकांना लेख लिहायला शिकवत. कोलापो त्यांचा लाडका. योरुबा कादंबऱ्यांतल्या बापांवर त्याने झकास लिहिलं होतं. पण घरचं वळणच असं, की थोरामोठ्यांची विचारपूस झाल्याशिवाय मुद्दा म्हणून तोंडातून निघायचा नाही. बाईंनी लाल पेन्सिलीने पहिली तीन पानं सपासप कापली.

"बोलतोस तसंच लिहितोस तू. लेख पाठवेपर्यंत बोलतानाही पाल्हाळ बंद! आधी मुद्दा, मग कारणं, मग आक्षेपांना उत्तर. कळलं?"

कळलं नसतं तर फार बरं झालं असतं. पोरगा भलताच आज्ञाधारक! रखवालदाराला रोज घरच्यांची खुशाली विचारणारा हा, त्या दिवशी नुसता "फाटक उघडा" म्हणाला. रखवालदाराने त्याची पिशवी पार तळापर्यंत उपसली. खानावळीत "अमाला, मटण" एवढंच म्हणाला, तर ताटात नुसता अमाल्याचा काळसर गोळा आणि रस्सा.

"मावशी, मटण?"

"तुझ्या नमस्काराबरोबर तेही गेलं," मावशी म्हणाल्या.

तरी शहाण्याला उमज पडेना. रविवारी तो अबेनीच्या घरी गेला. अबेनीवर त्याचा जीव होता, तिचाही त्याच्यावर. पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय ती लग्नाला उभी राहणार नव्हती. बाबा पांढराशुभ्र, घोळदार अगबादा घालून, टोपी तिरकी करून, नमस्कार घ्यायला ऐसपैस बसले होते. कोलापो जेमतेम वाकला.

"मला अबेनीशी लग्न करायचंय. कारणं तीन."

आशीर्वादासाठी उचललेला बाबांचा हात तसाच हवेत राहिला.

"आता तुमचा आक्षेप असा असेल, की माझी नोकरी कायमची नाही. हा आक्षेप कच्चा आहे, कारण—"

"अबेनी!" बाबा गरजले. "ह्या गृहस्थांना रस्ता दाखव!"

फाटकाशी अबेनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कुणी शिकवलं रे तुला हे?"

"बाईंनी."

"मग पुढच्या रविवारी त्यांनाच घेऊन ये. नाहीतर येऊच नकोस."

बाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, सासऱ्याशी असं बोलतात होय!"

"तुम्हीच म्हणालात, बोलतानाही."



रविवारी बाई डोक्याला निळं कडक कापड बांधून निघाल्या. दारातच कोलापोला बाबांपुढे जमिनीवर पालथा पाडला, स्वतः गुडघे टेकले आणि सुरू झाल्या. "एवढं ऊन आहे, बाबा, उन्हाचा नमस्कार! बसला आहात, बसल्याचा नमस्कार! नवं छप्पर घातलंत, खर्चाचा नमस्कार!"

बाबांची कळी खुलली. एकेका नमस्काराला ते तब्येतीत उत्तर देऊ लागले. मग बाबांची गुडघेदुखी झाली, गेलेल्या आजी झाल्या, व्यायलेली शेळीसुद्धा झाली. आत जोलोफ भात निवत चालला. पालथ्या कोलापोच्या कानापर्यंत मुंग्या पोचल्या.

"बाई, मुद्दा!" तो कुजबुजला.

"गप्प पड!"

शेवटी बाबांच्याच पोटात कावळे ओरडू लागले. "अहो बाई, आता मुद्द्यावर या!"

"मुद्दा हा काय, बाबा, जमिनीवर पडलाय."

बाबा गदगदून हसले. "ऊठ रे. मुलगी दिली. ती तीन कारणं जेवताना सांग, आणि थोडक्यात सांग." आतून अबेनीच्या हातातली पळी खणकन पडली.

परतताना टॅक्सीत बाईंनी तो लेख मागून घेतला. "एक पान नमस्कार परत घाल. एकच हं, तीन नाही."

"बरं, बाई."

"आणि काय रे, शेवटी माझ्याबद्दल काहीतरी होतं ना? ज्ञानाची माऊली की कायसं?"

"होतं. तुम्हीच कापलंत."

बाईंनी पर्समधून खोडरबर काढला आणि ती लाल रेघ हळूहळू खोडायला घेतली.

"एवढं राहू दे," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मुद्द्याला धरून आहे."