शेपटी पडली का?

चंद्रीच्या शेपटीखालची गाठ काढायला डॉक्टरीणबाई किन्हीराजा गावात आल्या, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो इंद्रभानला. गाय त्याच्या बायकोच्या, मनकर्णाबाईच्या माहेरची. इंद्रभान दूध काढायला बसला, की ती नेम धरून शेपटीचा फटका त्याच्या तोंडावर हाणायची. मनकर्णाबाईला मात्र कधीच नाही.

"मणक्यात इंजेक्शन देते," डॉ. सुकेशनी म्हणाल्या. "मागचा भाग बधिर होईल. गाय उभीच राहील, पण दुखणार नाही. शेपटी लुळी पडली, की सांगा मला."

"म्हंजे शेपटी हालनारच नाई?" इंद्रभानचे डोळे चमकले. "सरका, मी धरतो!"

त्यानं दोन्ही हातांनी शेपटी वर उचलून गच्च धरली. इतक्या वर्षांचं वैर मुठीत आलं होतं.

इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाई मोरीवर हात धुवायला गेल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "पडली का शेपटी?"

"नाई पडली!"

"अजून नाही?"

"झेंड्यावानी उभी हाये, म्याडम!"

त्या येऊन बघतात, तर शेपटी खरंच वर. गाईच्या जोरावर, की इंद्रभानच्या, ते कसं दिसणार? त्यांनी आणखी औषध दिलं.

जरा वेळानं चंद्रीचे मागचे पाय लटपटले आणि ती फतकल मारून बसली. शेपटीसकट इंद्रभानही बसला.

"अहो, सोडा ती!"

त्यानं सोडली. शेपटी ओल्या दोरासारखी मातीत पडली.

"तुम्ही वर धरून ठेवली होती?"

"मंग? मी असतानी पडू देईन काय!"

"माह्या गाईचं कंबरडं मोडलं वो!" मनकर्णाबाईनं टाहो फोडला.

"मोडलं नाही, मावशी. औषध जास्त झालंय. उठेल ती," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी बसल्या गाईची गाठ काढली. चंद्री निवांत रवंथ करत होती. घाम इंद्रभानला फुटला होता.

दिवस कलला, तरी चंद्री उठेना. डॉक्टरीणबाईही तिथंच थांबल्या होत्या. मनकर्णाबाईनं पोहरादेवीच्या दिशेनं हात जोडले. "माय, माही चंद्री उठू दे. हे अनवानी तुह्या पायापाशी येतीन."

"कोन, मी?"

"मंग काय चंद्री जाईन?"

इंद्रभान गुमान गाईमागं जाऊन बसला. पोत्याच्या तुकड्यानं तिचे पाय चोळत हळूच म्हणाला, "उठ वं बाई. मारजो मले. सकाय-संध्याकाय मार, पन उठ."

दिवेलागणीला चंद्रीनं आधी मागचा भाग उचलला, मग पुढचे पाय टेकले आणि उभी राहिली. इंद्रभान हरखून तिचे खूर बघायला वाकला, तोच शेपटी फाट्‌कन तोंडावर बसली!

"मारलं!" एक डोळा मिटून तो अंगणभर नाचला. "म्याडम, मारलं! नेम बी तोच हाये!"

मनकर्णाबाईनं गुळाचा खडा चंद्रीच्या तोंडात घातला, पदरानं नवऱ्याचा गाल पुसला आणि त्याच्या चपला उचलून माळ्यावर टाकल्या.