खळ्यातलं उभं तळं

गोटीनाना चहा आधी बशीत ओतत, बशी ओट्यावर ठेवत आणि तिच्यासमोर उकिडवे बसून बघत राहत. चहा बशीच्या कुठल्या काठाकडे जास्त चढलाय, हे त्यांना पाहायचं असे. चारी बाजूंनी सारखा दिसला की म्हणत, "वटा लेवलमंदी हाय," आणि मगच तो फुर्रकन पिऊन टाकत. ओटा त्यांनी स्वतः बांधलेला, त्यालाही वीसेक वर्षं झालेली. तो रातोरात कुठे कलणार होता? पण हे त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं तर तुमच्या घरचा ओटा तपासायला येतील, आणि त्यासाठी तुम्हाला चहा करावा लागेल.

आटगाव स्टेशनपासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात मी शाळेवर बाई म्हणून रुजू झाले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. राहायला खोली मिळाली ती नानांच्या घराची पुढची. पहिल्याच दिवशी नाना माझ्या खाटेवर पाण्याची बाटली आडवी ठेवून आतला बुडबुडा बघत बसले. "बाई, उशाकडं अर्धा इंच खाली हाय. डोक्यात रगात उतरंल." मी म्हटलं, उतरू दे. ते ऐकतात कसले! काडेपेट्यांचे पुठ्ठे घालून त्यांनी खाट सरळ केली. खोटं कशाला बोलू, झोप चांगली लागायची.

हा सगळा गुण नोकरीचा. जवळच्या धरणावर नानांनी उभी हयात एकच काम केलं. रोज सकाळी पाण्याची उंची, म्हणजे गेज, वाचायची आणि साहेबांना कळवायची. त्या धरणातलं पाणी मोठ्या नळांतून मुंबईला जायचं, आणि एप्रिल लागला की आमच्या गावच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या राहायच्या. मला याचा संताप यायचा. नानांना यायचा नाही. "पानी कोनाला बी जाऊं दे बाई, लेवल बरोबर लिवली पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

नानांची बायको जनीकाकी. बोलायला फटकळ, हाताला चव, आणि भाताच्या लावणीत तिचा हात धरणारी गावात कोणी नव्हती. पण जन्मभर चिखलात वाकून तिचे गुडघे पार कामातून गेले होते. ओट्यावरून उठायचं म्हणजे खांबाला धरून दोनदा "आये गो" म्हणावं लागे. शेवटी नाना तिला कल्याणला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज अर्धा तास कमरेइतक्या पाण्यात चाला. नदीत नको, दगड निसरडे असतात. स्विमिंग पूलमध्ये चाला. नेमानं केलंत तर लावणीपर्यंत फरक पडेल.

गावात स्विमिंग पूल! आमच्या गावात तेव्हा न्हाणीघरालासुद्धा तीनच भिंती असायच्या.

नानांनी मात्र ते मनावर घेतलं. येणाऱ्या लावणीला जनी शेतात उभी राहिली पाहिजे, हे त्यांनी मला, किसनला आणि गोठ्यातल्या म्हशीलाही सांगून टाकलं. किसन म्हणजे आमचा शेजारी. त्याच सुमाराला नाना मुरबाड रोडच्या एका फार्महाऊसवर कुंपणाची लेवल काढून द्यायला गेले, आणि तिथे त्यांनी गवतावर उभा केलेला शेटच्या पोरांचा निळा हौद पाहिला. जमीन न खणता, नुसत्या कडांवर उभा. संध्याकाळी जीपमधून उतरले ते ओरडतच. "बाई, तळं! जमिनीवर उभं तळं! खड्डा नाय, शिमिट नाय, काय नाय!"

तसला हौद विकत घेणं परवडणारं नव्हतं. पण नानांच्या घरात भाताचा कणगा होता, बांबूच्या कामट्यांचा विणलेला, पुरुषभर उंच. "येवढं भात पोटात धरतो, त पानी का नाय धरनार?" पाड्यावरच्या दोन कारागिरांना बोलावून त्यांनी आठ हात रुंद आणि कमरेहून थोडा उंच असा बिनबुडाचा कणगा विणून घेतला. बाहेरून तारेचे सहा पट्टे आवळले. आत निळं जाड प्लॅस्टिक, तीन पदरी. आणि हे सगळं उभं कुठे केलं? तर खळ्यात. भाताची झोडणी नुकतीच उरकली होती. खळं चोपून, सारवून तुळतुळीत झालेलं, आणि नानांनी केलेलं असल्यामुळे काटेकोर सपाट. विहिरीवरच्या पंपाने, वीज येईल तशी, दोन दिवस भरून तळं उभं राहिलं. सगळ्या बाजूंनी पाणी काठाला सारखं टेकलं, तेव्हा नाना त्याला प्रदक्षिणा घालत होते.

चौथ्या दिवशी सकाळी तळं रिकामं होतं. पाणी किसनच्या अंगणातून त्याच्या पेंढ्याखाली जाऊन, तिथून पुढे आपल्या कामाला निघून गेलं होतं. किसन ओला पेंढा हातात धरून उभा. "नाना, ह्यो काय परकार?"

परकार असा होता, की नानांनी लेवल पाहिली पण खळं झाडलं नव्हतं. झोडलेल्या भाताचे दाणे जमिनीच्या भेगांत राहिलेले. त्यांच्या वासाने उंदीर आले, खालून बीळ केलं, आणि दाणे खाता खाता वरचं प्लॅस्टिकही कुरतडलं. आजूबाजूच्या गावांत कोणाच्या स्विमिंग पूलला उंदीर लागल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. काकी ओट्यावरून म्हणाली, "येवढं भिजलं त भिजलं, तुमचा तो साहेब त आता गेज मागाया येनार नाय ना?"

नानांनी हार मानली नाही. दाणा न् दाणा वेचला, बिळं बुजवली, चाळलेली रेती पसरली, वर खताच्या रिकाम्या गोण्या शिवून अंथरल्या आणि नवं प्लॅस्टिक घातलं. फेब्रुवारीत तळं पुन्हा भरलं. "ह्ये पानी आता शेवटपर्यंत ह्येच," त्यांनी बजावलं. विहीर आता खाली जाणार होती. पुन्हा भरायला पाणी मिळणार नव्हतं.

त्यानंतर नानांनी ते पाणी जसं सांभाळलं, तसं मी माझं सर्व्हिस बुकही सांभाळलं नाही. सकाळी मच्छरदाणीच्या तुकड्याची जाळी काठीला बांधून पानं काढायची. चार दिवसांनी तुरटी फिरवायची. शहापूरच्या बाजारातून आणलेली ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून संध्याकाळी सोडायची, आणि वर ताडपत्री ओढायची. पोरांना डुंबायला मुभा होती, पण काठाशी परात ठेवलेली. तिच्यात पाय धुतल्याशिवाय आत जायचं नाही. शिवाय नाना प्रत्येकाच्या डोक्यावरून बोट फिरवून त्याचा वास घेत. "त्याल हाय! चल, माती लावून धुऊन ये." माझ्या वर्गातल्या पोरांचे केस गावाच्या इतिहासात पहिल्यांदा कोरडे राहू लागले. नाना स्वतः मात्र काठाशी उभे राहून शिट्टी वाजवत. पोरं म्हणत, "नाना, तुमी बी या ना." "मी आत आलो त लेवल कोन बघंल?"

पोरं उतरली, पण जिच्यासाठी तळं उभं केलं ती काकी काही उतरली नाही.

"मी काय म्हस हाय का, डबक्यात बसाया?" ती म्हणाली. नानांनी माळ्याची शिडी काढून काठाला लावली. नाही. आत खुर्ची ठेवली. ती तरंगून उलटी झाली, पोरं हसली, काकीही हसली, पण नाही. नाना रोज सकाळी विचारत, "येतंस का गो?" आणि काकी रोज सकाळी भाकऱ्या थापत म्हणे, "उद्या."

मार्च गेला. उन्हाने पाणी रोज थोडं थोडं उडत होतं, आणि नाना आत उभ्या केलेल्या फळीवरच्या उंचीच्या खुणा वाचून तोंड पाडत होते. एप्रिलात विहिरीने तळ दाखवला. किसन एका गुरुवारी येऊन ओशाळा होऊन उभा राहिला. "नाना, वाईट वाटून घेऊं नका. गुरांना पानी नाय. तुमी थितं..." नानांनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "सोमवारी ने. पावडरीचा वास जाऊं दे, उन्हात उघडं ठेवतो आजपासून." किसन गेला, आणि नाना खळ्यात नुसतेच बसून राहिले.

मला राहवलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन काकीलाच धारेवर धरलं. माणूस तीन महिने जिवाचं रान करतोय आणि तुम्ही नखरे कसले करताय? काकीने पीठ मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "बाई, लुगडं भिजलं का अंगाला चिकटतं. खळं रस्त्याला. आखा गाव येतो जातो. ह्या वयात मी कशी उतरूं, तुमीच सांगा." बाई असून मला हे सुचलं नव्हतं. मग मी तो राग नानांवर काढला. "सगळ्या जगाची लेवल बघता, आणि बायकोला आडोसा लागतो एवढं कळत नाही तुम्हाला?" नाना नुसतेच कानाची पाळी चोळत राहिले.

रविवारी मुरबाडला लग्न होतं. अख्खं गाव टेम्पोत चढलं. नाना गोधडी घेऊन पडले होते. "मना ताप हाय. तुमी जा." मग काकीही थांबली. लग्नात माझं उन्हाने डोकं चढलं, म्हणून मी जेवण होताच एकटीच जीप धरून परतले.

गाव सुनसान होतं. खळ्याजवळ आले आणि थबकले. तळ्याभोवती चौफेर काठ्या रोवून लुगडी बांधली होती, हिरवी, जांभळी, लग्नातली पिवळीसुद्धा. घरात असतील नसतील तेवढी सगळी. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि काकीचा.

"अवं, सोडा की हात. कमरंइतकं बी नाय पानी."

"नगं, नगं. माजा पाय सरकतोय."

"आखी जिनगी धरनावर काढली आनि पान्याला भिता?"

"लांबून बघत व्हतो ना गो!"

तर हे असं होतं. तिला एकटीला लाज वाटू नये म्हणून नाना सदऱ्या-धोतरासकट पाण्यात उतरले होते, आणि त्यांचेच दात वाजत होते. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला. मग नानांचा आवाज आला, हळू, मी कधी न ऐकलेला.

"गेल्या लावणीला सगळी मना येडा म्हनत व्हती. माज्या बाजूची पात मी तशीच सोडली. कोनाला उभं राहूं दिलं नाय. तुजी जागा ती."

पाण्याचा आवाज थांबला.

"ठावं हाय मना," काकी म्हणाली. "वट्यावरनं दिसत व्हती."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या दोघांची मला फार माया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. मी पाय न वाजवता मागे फिरले.

रस्त्यावर येते तो समोरून किसन. म्हशीची धार काढायची म्हणून तोही लवकर निघालेला. मी त्याला तिथेच चिंचेखाली अडवलं. लग्नात जिलेबी किती जणांना पुरली, नवऱ्यामुलाचं शिक्षण किती, वरातीला घोडा होता का, जे सुचेल ते विचारत सुटले. तो चकित होऊन उत्तरं देत होता. मागून खळ्यातून आवाज आला, "पाच फेऱ्या!" आणि लगेच दुसरा, "चारच झाल्यात, लबाडी नगं."

किसनने मान उंचावली. "नानाला ताप व्हता ना?"

"आता बरं आहे त्यांना," मी म्हटलं. "किसनदादा, पाणी सोमवारी नको, गुरुवारी न्या. तोवर शाळेच्या टाकीतलं गुरांना देते मी."

"शाळंच्या? मग पोरं काय पितील?"

"परीक्षा संपल्या, सुट्टी आहे," मी म्हटलं, आणि त्याला पुन्हा जिलेबीकडे वळवलं.