सुभेदारांचे चौऱ्याहत्तर प्रश्न

सर्जेराव सुभेदार कुणाशी हात मिळवत नसत. समोरच्यानं हात पुढं केला, की त्याचा पंजा ओलांडून थेट मनगट धरत आणि आपलं मनगट त्याच्या हातात देत. पोस्टमन, बँकेतला शिपाई, पुतणीला बघायला आलेले पाहुणे, कुणी सुटलं नाही. नवरदेव भांबावला तेव्हा त्याला म्हणाले, "पंजा निसटतो, मनगट निसटत न्हाई. बोटीचा नियम हाय."

कराडला आमच्या कॉलनीत बोट कुठून आली, असं पाहुण्यांनी विचारलं ते रास्तच होतं. ती बोट दक्षिण ध्रुवाकडची होती.

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. सुभेदार माझे शेजारी, मधे छातीएवढी भिंत. फौजेतली त्यांची बरीच वर्षं बर्फात गेली आणि तिथंच एका तोफेच्या आवाजानं त्यांचा डावा कान नेला. हे कॉलनीत फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांना वाटे, माणूस गर्विष्ठ आहे, हाक मारली तर मान वळवत नाही.

बायको गेल्यावर काही महिन्यांनी ते माझ्याकडं जगाचा नकाशा बघायला आले. अगदी खालच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "सर, हितं कुनाचं राज्य?"

"कुणाचंच नाही."

"आन् चौकी, पहारा?"

"नाही."

"मग जाऊया. बर्फ लय बघितलं, पर बंदुकीवरनं. आता नुस्तं बघायचं."

'जाऊया' म्हणजे दोघांनी. जहाजावर एका खोलीत दोन माणसं राहतात आणि रात्री उजवा कान उशीत दबलेला असताना धोक्याचा भोंगा वाजला, तर त्यांना हलवून उठवायला चांगल्या कानाचा माणूस हवा होता. परक्याला कान कुठं सांगत बसायचं? मी हो म्हणालो. ध्रुवावर न जाता भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला होता. हो म्हणताना फार बरं वाटलं.

जहाजाच्या कंपनीशी इंग्रजीतून पत्रव्यवहार माझ्याकडं आला. रोज सकाळी भिंतीपलीकडून आवाज येई, "सर, नवा प्रश्न!" मग हातातल्या शाळकरी वहीतून ते वाचून दाखवत आणि मी टाइप करी. संडास इंग्रजी पद्धतीचा हाय का, का बसायचा? गरम पानी दिवसभर का ठरल्या टायमाला? बिनसाखरेचा चहा मागितला तर ती गोरी मानसं तोंड वाकडं करत्यात का? जवसाची चटणी चालंल का? जहाजावरनं समुद्रात नारळ सोडता येतो का?

"सुभेदार, नारळ कशाला?"

"आवं, वढा वलांडताना आपण हात जोडतो, आन् एवढ्या समुद्राला रिकाम्या हातानं भेटायचं व्हय?"

कंपनीचं उत्तर आलं. समुद्रात काहीही टाकायचं नाही. त्या खंडावर उतरताना अंगावर मातीचा कण नको, बी नको. खिसे, बूट, मोजे, सगळं साफ करून यायचं. सुभेदारांना हा हुकूम फार आवडला. त्या दिवसापासून ते ओट्यावर बसून दात घासायच्या ब्रशनं मोज्यांतली कुसळं काढू लागले. खिसे उलटे केले तर जोंधळा निघाला, करडई निघाली, एका कोटातून हरभऱ्याचा वाळका घाटा निघाला. "एक कुसळ तिकडं पडलं ना सर, की सगळ्या खंडाचा आमच्या कुसळानं माजलेल्या खालच्या माळागत इस्कोट."

पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, तो जवळ आला तर आपण स्तब्ध राहायचं, असाही नियम होता. त्याचा सराव त्यांनी कोंबड्यांवर केला. आठ दिवस कोंबड्या त्यांच्या पायांवरून फिरत आणि सुभेदार सावधान उभे.

असे चौऱ्याहत्तर प्रश्न झाले. त्यातला एक मला आज घास गिळू देत नाही. "सर, लिवा. बोट लागली, पर मानूस लाजरा आसंल, सांगायचा न्हाई, तर त्याला गोळी गुपचूप चहातनं देता येती का?" मला हसू फुटलं. मला वाटलं, फौजी गडी स्वतःची भीती दुसऱ्याच्या नावावर खपवतोय. तो प्रश्न मी कंपनीला पाठवलासुद्धा नाही.

खरं तर त्याच्या आदल्याच दिवशी काय झालं होतं, ते मी विसरायला नको होतं. जहाजातून किनाऱ्यावर जायचं ते छोट्या रबरी बोटीतून. खलाशी हात देतो, आपण त्याचं मनगट धरायचं, मग दुसऱ्या हातानं धरलेली जहाजाची कड सोडायची. याची तालीम व्हायलाच हवी म्हणून सुभेदार मला कडेगावकडच्या त्यांच्या रानात घेऊन गेले. गुऱ्हाळ बंद पडल्यापासून तिथं गुळाची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी कढई, पालथी पडून होती. पूर आला की आमच्याकडची जुनी माणसं काहिलीत बसून नदी ओलांडत. त्यामुळं रबरापेक्षा सुभेदारांचा काहिलीवर भरवसा. ती त्यांनी शेततळ्यात सोडली, आधी आपण बसले आणि माझं मनगट धरलं.

माझा एक पाय काहिलीत, एक काठावर, डाव्या हातात काठाचा दोर. काहील गोल फिरायला लागली. पोटातलं सगळं तळ्यात गेलं.

"मी धरलंय सर," ते म्हणत होते. "तुमी काठ सोडा."

मी सोडला नाही. शेवटी त्यांनीच मला अलगद वर ढकललं, तोंड धुवायला पाणी दिलं आणि घरी येईपर्यंत फक्त उसाबद्दल बोलले.

जायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं. सांगितलं मात्र निघायला तीन आठवडे उरले तेव्हा, आणि तेही डॉक्टरच्या तोंडून. रक्तदाब आहे, डॉक्टर नको म्हणतात. कुठल्याही डॉक्टरानं तसं म्हटलं नव्हतं. सुभेदारांनी उजवा कान माझ्याकडं करून सगळं ऐकलं. "तब्येत म्हत्त्वाची," म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी मला भिंतीवरून सांगितलं, "माजंबी नाव काढायचं पत्र लिवा." एकट्यानं जाणार कसे? भोंगा कोण ऐकणार? मी कारण लिहिलं, 'वैयक्तिक'.

स्टँडजवळच्या हॉटेलात आमची म्हाताऱ्यांची बैठक असते. तिथं कुणी तरी विचारलं, "काय वो सर, ध्रुवाचं काय झालं?" आणि मी, ज्यानं चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, म्हणालो, "सुभेदारांनी ऐनवेळी कच खाल्ली." पुरावा म्हणून चहातल्या गोळीचा प्रश्न सांगितला. लोक हसून लोळले.

ते पुढं चिकटलंच. सुभेदार हॉटेलात आले की कुणी ओरडे, "आरं, सुभेदारांच्या चहात गोळी टाका रं!"

"टाका की," सुभेदार म्हणत. "दोन टाका, गड्या." आणि माझ्या शेजारी येऊन बसत. मी कुठं बसायचो? त्यांच्या डाव्या बाजूला. बरं पडायचं.

शेवटच्या दुखण्यात ते दवाखान्यात होते तेव्हाही मी डाव्या बाजूलाच खुर्ची ओढली. वाकून त्यांच्या कानात सगळं सांगितलं. डॉक्टर खोटा, कच माझी, गोष्ट मी पसरवली. त्या कानाला काही पोचत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच सांगू शकलो. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. हात तेवढा सरकला आणि माझं मनगट धरलं.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या सूनबाई ती वही घेऊन आल्या. "मामांनी तुमाला द्यायला सांगितली हुती."

मी वही कधी हातात घेतलेली नव्हती. चौऱ्याहत्तर प्रश्न, आणि प्रत्येकापुढं समासात एक शब्द. इंग्रजी संडास: 'सरांसाठी'. माझे गुडघे. गरम पाणी: 'सरांसाठी'. बिनसाखरेचा चहा: 'सरांसाठी'. जवसाची चटणी माझ्याशिवाय कोण खातं? चहातली गोळी: 'सरांसाठी'. 'माझ्यासाठी' असं लिहिलेले प्रश्न मी शोधत गेलो. दोनच सापडले. एक भोंग्याचा. एक नारळाचा.

तर कराडच्या आणि कडेगावच्या सगळ्यांनी हे नीट वाचावं. सुभेदार भ्याले नव्हते. भ्यालो मी.

वहीच्या शेवटच्या पानावर एक पंचाहत्तरावा प्रश्न आहे. तो त्यांनी मला कधी वाचून दाखवला नाही. वर तारीख शेततळ्यावर गेलो त्या दिवसाची आहे.

'सरांनी काठ सोडला न्हाई तर?'

खाली उत्तरही त्यांच्याच अक्षरात.

'तर मग आपुन काठावर यायचं.'