निवांतपणाची नोंदवही

हेडक्लार्कना या योजनेत तीनच गोष्टी मिळणार होत्या : रोजची दहा मिनिटं, उजव्या हाताची मूठ, आणि बायकोला हाक न मारता शर्टाची बटणं लावण्याचं स्वातंत्र्य.

त्यांची बोटं सांध्यांत टम्म सुजली होती. डॉक्टरीणबाईंच्या मते, अंगातले पहारेकरी चोर नसतानाही घरच्यांनाच बडवत होते. एरवी मेंदू एका मज्जातंतूवरून या पहारेकऱ्यांना 'पुरे' असा निरोप धाडतो; सततच्या ताणात तो नीट पोचत नाही. गोळ्या घ्याच, शिवाय रोज दहा मिनिटं शांत बसून सावकाश श्वास सोडा, असं त्यांनी बजावलं.

कचेरीत शांत बसायचं तर परवानगी हवी. हेडक्लार्कनी रीतसर अर्ज केला. साहेब मनाने चांगले. त्यांनी अर्ज मंजूर केला आणि निवांतपणाची नोंदवही उघडली : बसण्यापूर्वीची नाडी, उठल्यावरची नाडी, फरकाचं कारण, सही.

पहिल्याच दिवशी नाडी सहाने वाढली. खुलासा मागवण्यात आला. खुलासा लिहिताना ती बाराने वाढली. मग तिघांची देखरेख समिती नेमली गेली. ती समोर खुर्च्या टाकून हेडक्लार्ककडे टक लावून बसे आणि मधूनमधून, जरा लवकर निवांत व्हा, आमची कामं खोळंबलीत, असं सुचवी.

पंधरवड्यात अंगठाही सुजला.

"साहेब, ही वही बंद करा."

"करू की. बंद करण्याचा नमुना आणा."

नमुना नव्हता. बावीस वर्षं कचेरीतलं प्रत्येक परिपत्रक हेडक्लार्कनीच लिहिलं होतं. सुरू करण्याचे नमुने कपाटभर. थांबवण्याचा एकही नाही.

"मग तुम्हीच तयार करा," साहेब म्हणाले. "तुमच्यासारखं अक्षर आहे कुणाचं?"

पेन बोटांत ठरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बटणं लावता लावता बायको म्हणाली, "एवढी वर्षं हात चालत होता, तेव्हा एकदा तरी 'पुरे' लिहायचं होतंत."

सही करता येत नसल्याने वहीत पुढे नाडी वाढल्याची एकही नोंद झाली नाही. योजना शंभर टक्के यशस्वी ठरली. समितीला मुदतवाढ मिळाली, साहेबांना बढती. हेडक्लार्कची मूठ गेली आणि बायकोच्या वाट्याला रोजची सात बटणं आली.

आता योजना सर्वांना लागू झाली आहे. मघाशी वाचताना तुम्ही मनगटावर बोट ठेवलंत, ते समितीने पाहिलं. आकडा लिहून ठेवा. फरकाचं कारण तुम्हालाच द्यायचं आहे.