माश्यांचा ट्रे

येसेनियाने प्रयोगशाळेचा फ्रिज उघडला. सकाळी आत दोन ट्रे शेजारी शेजारी होते. एक तिचा, फळमाश्यांच्या खाद्याचा. दुसरा विभागप्रमुख उबाल्दिनाबाईंचा, नतीयाचा. आता एकच उरला होता, आणि त्याला दालचिनीचा वास येत होता. माश्यांना दालचिनी कोण घालतं?

नाताळ जवळ आला की कोलंबियातल्या बुकारामांगाच्या त्या विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात अभ्यास कमी आणि नऊ दिवसांची नोव्हेना जास्त चालते. रोज संध्याकाळी बाळ येशूच्या पाळण्यापुढे प्रार्थना, मग बुन्युएलो म्हणजे चीजचे तळलेले गोळे, आणि नतीया. नतीया म्हणजे दुधात मक्याचं पीठ, गूळ आणि दालचिनी आटवून ट्रेमध्ये गोठवलेली मऊ वडी. माश्यांचं खाद्य म्हणजे पाण्यात मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट. रंग तोच, थरथरणंही तेच.

काचेच्या बाटल्या धुवायला गेल्या होत्या, म्हणून येसेनियाने खाद्य ट्रेमध्ये ओतलं होतं आणि वर नावाची चिठ्ठी लावायची राहून गेली होती. बिनचिठ्ठीची वस्तू सापडली की तिचा मालक प्रयोगशाळेबाहेर, हा बाईंचा नियम. आणि प्रबंध सादर करायला सही लागणार होती ती बाईंचीच, ती सुद्धा उद्यापर्यंत. इतकी वर्षं बिचारीने माश्यांची बाळंतपणं काढली होती ती या एका सहीसाठी.

इतक्यात वनस्पतिशास्त्राचा ओमर तोंड पुसत जिना उतरला.

"ओमर, इथला ट्रे कोणी नेला?"

"मी. बाई म्हणाल्या, माझी नतीया वर आण. आणली."

"गाढवा, ते माश्यांचं जेवण होतं!"

ओमरचा हात तोंडावरच राहिला. "मग मी आत्ता खाल्लं ते काय?"

"तूही खाल्लंस?"

"दोनदा घेतलं. त्यात माश्या नव्हत्या ना गं?"

"नव्हत्या. यीस्ट आहे, आणि बुरशीचं औषध. थेंबभर."

"मरतो का मी आता?"

"काही मरत नाहीस. मुरंब्यात घालतात तेच असतं. पोट गुडगुडेल फार तर."

"मग तोंड शिवून बस की! डीनसाहेब तिसऱ्यांदा वाढून घेतायत."

येसेनिया कात्रीत सापडली. गप्प बसावं तर अख्ख्या विभागाची पोटं बिघडणार, बोलावं तर सही जाणार. ती जिना चढायला लागली. "अगं, कुठं चाललीस? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला?" ओमर मागून ओरडत होता, पण तिचे पाय काही थांबेनात.

वर सगळे ताटल्या चाटत होते. त्या गावात कुणाच्या नतीयाला नावं ठेवणं म्हणजे त्याच्या आईला नावं ठेवणं. त्यामुळे बाईंच्या नतीयाची दरवर्षी तोंड भरून स्तुती व्हायची आणि मग ती गुपचूप कागदी रुमालात गुंडाळली जायची. यंदा एकाचाही रुमाल बाहेर निघाला नव्हता.

"अगं उबाल्दिना, यंदा घातलंयस काय यात?" डीन विचारत होते. "किंचित आंबूस लागतंय. वा!"

"मॅडम, जरा बाहेर येता?" येसेनिया दारातूनच म्हणाली.

व्हरांड्यात तिने एका दमात सगळं ओकून टाकलं. "तो ट्रे माझा आहे, मॅडम. माश्यांचा. चिठ्ठी लावली नव्हती. मला काय शिक्षा करायची ती करा, पण आधी त्यांना थांबवा."

आतून डीनची हाक आली, "उबाल्दिना, अजून आहे का गं?"

"हळू बोल," बाई कुजबुजल्या. "विषारी आहे?"

"नाही, मॅडम. पण यीस्ट आहे. पोटं..."

"नाताळात सगळ्यांची बिघडतात." बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "एवढी वर्षं नतीया करते मी, येसेनिया. 'अजून आहे का' असं आज पहिल्यांदा कुणी विचारलं."

येसेनियाला भरून आलं आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

"माझा ट्रे कुठंय?"

"खालीच आहे. आणू?"

"नको. तुझ्या माश्या कशाला उपाशी ठेवायच्या? त्यांना घाल. सकाळी बघायला येते, मग सही करू."

सकाळी येसेनियाने नतीया घातलेल्या माश्यांच्या बाटल्या उजेडात धरल्या. सगळ्या माश्या वर कापसाच्या बोळ्याला चिकटून बसल्या होत्या. नतीयाकडे एकीनेही तोंड केलं नव्हतं. बाटल्या लपवाव्यात असा विचार मनात येतोय तोवर बाई दारात हजर.

"काय म्हणतायत?"

"संकोचतायत, मॅडम. आधी कोणी घ्यायचं म्हणून थांबल्यात."

बाईंनी बाटली हातात घेतली, माश्यांकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ येसेनियाकडे.

"प्रबंधात तरी खरं लिहिलंयस ना?" असं म्हणून त्यांनी सही केली.