लाल ठिपक्याचे चाळीस

"माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच फळीवर, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी! आणि ती मला!"

हे वाक्य आई गेले बावीस दिवस रोज एकदा तरी म्हणत होती, आणि तिचा संताप पहिल्या दिवशी होता तेवढाच ताजा होता. चिठ्ठी एका काचेच्या बरणीवर चिकटवलेली होती. बरणीत पीठ होतं आणि पिठात किडे होते. ते चुकून झालेले नव्हते, धाकटीने पाळलेले होते. ज्या बाईने तीस वर्षांच्या संसारात एका किड्याला डब्यात सुखाने राहू दिलं नाही, तिच्या घरात पोटच्या मुलीने किड्यांची वसाहत थाटावी आणि वर रोज संध्याकाळी सहा वाजता त्यांची हजेरी घ्यावी, हे कुठल्या आईने सोसायचं?

पण धाकटीची बाजूही ऐकायला हवी. ती गणितात एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. साथ किती वेगाने पसरेल, तळ्यात मासे किती उरतील, असल्या गोष्टींची समीकरणं मांडणारे लोक असतात. त्या विषयाला गणिती जीवशास्त्र म्हणतात आणि धाकटीला त्यातच संशोधन करायचं होतं. एका संशोधन संस्थेने सहा आठवड्यांचं प्रशिक्षण जाहीर केलं होतं. जागा फक्त बारा, आणि पुढच्या संशोधनाची वाट तिथूनच जात होती. अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत होती. गणिताचे विभागप्रमुख म्हणाले, "किड्यांचं आहे ना? मग जीवशास्त्रवाल्यांकडे जा." जीवशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "समीकरणं आहेत ना? मग गणितवाल्यांकडे जा." या दोन विद्वानांच्या मधला जिना धाकटीने तीन आठवडे झिजवला. शेवटी दोघांनी सह्या केल्या, त्या तिचं तोंड पुन्हा बघावं लागू नये म्हणून. या प्रशिक्षणाला निवड झाली नाही, तर मामाने ठरवून ठेवलेली शिकवणी वर्गातली नोकरी पहिल्या तारखेपासून गळ्यात पडणार होती. मामा तर अभिनंदनही करून गेला होता.

संस्थेची अट साधी होती. घरातल्या कुठल्याही सजीवांची तीस दिवस, रोज ठरल्या वेळी मोजणी करायची. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आकडे जसे येतील तसेच द्यावेत. काही बिघडल्यास तेही लिहावे.' धाकटीने पिठातले किडे निवडले. एक किडा दुसऱ्यासारखाच दिसतो, म्हणून तिने त्यातल्या चाळीस किड्यांच्या पाठीवर सुईच्या टोकाने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. नेलपॉलिश आईचं होतं. त्याचं आईला वेगळं दुःख होतं.

तेविसाव्या दिवशी सकाळी आईने बिस्किटं करायला घेतली. ओट्यावर पाण्याचं पातेलं उकळत होतं, त्या वाफेने चिठ्ठी सुटून फळीमागे पडली. आता फळीवर दोन सारख्या बरण्या उरल्या. एका बरणीत आदल्याच दिवशी दुकानातून आणलेलं पीठ होतं. आईने हाताला लागली ती बरणी काढली, झाकण उघडलं आणि पीठ हललं.

चष्मा गळ्यात होता, डोळ्यांवर नव्हता. ठिपके तिला दिसले नाहीत, पण किडे दिसले. दुकानदाराने कालच्या पिठात किडे घातले! या माणसावर तिचा दहा वर्षांचा संशय होता आणि आज पुरावा हातात होता. तिने गॅस बंद केला आणि बरणी घेऊन ती तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

"हे काय आहे?"

"पीठ आहे, वहिनी," दुकानदार म्हणाला.

"आणि हे पळतंय ते? मनुके?"

दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती. ती सगळी बरणीभोवती जमली. दुकानदाराचा चेहरा लाल झाला. "माझ्या दुकानात किडा? वीस वर्षं झाली, एक किडा दाखवा! तुमच्या घरात झाले असतील!"

हे तो बोलला आणि फसला. "माझ्या घरात?" आईचा आवाज रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये ऐकू गेला. तिने आपल्या स्वच्छतेचा इतिहास सुरुवातीपासून सांगायला घेतला. गिऱ्हाईकं एकेक करून हातातली पिशवी खाली ठेवू लागली, तेव्हा दुकानदाराने हात जोडले. बरणी घेऊन तो आत गेला, रिकामी केली, धुतली, पुसली आणि नव्या पोत्यातलं पीठ भरून बाहेर आला. "ते फेकून दिलं. आता तरी जा."

आई घरी आली ती लढाई जिंकून. बाबांना तिने सगळी हकीकत तीनदा सांगितली. बाबा पाणीपुरवठा खात्यात मीटर-रीडर होते आणि त्या दिवशी त्यांची सुट्टी होती, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

धाकटी पाच वाजता आली. फळीसमोर उभी राहिली. एक बरणी उघडली, मग दुसरी. मग तिने फळीमागून चिठ्ठी काढली.

"आई, माझे एकशे वीस कुठे गेले?"

आईच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. हकीकत चौथ्यांदा सांगावी लागली, आणि या वेळी ती जिंकल्यासारखी वाटत नव्हती. धाकटी मटकन खाली बसली. बावीस दिवस एकही मोजणी तिने चुकवली नव्हती. तापात उठून मोजलं होतं. आणि आता त्या शिकवणी वर्गातला खडू तिला डोळ्यांसमोर दिसायला लागला.

"एवढं काय त्यात?" बाबा समजुतीने म्हणाले. "काल किती होते? एकशे वीस? मग आज एकशे बावीस लिही. दाराला कुलूप असलं की आम्हीही अंदाजे रीडिंग टाकतो. कोण बघायला येतंय?"

"बाबा!" धाकटी एवढ्या जोरात ओरडली की बाबांनी चपला शोधायला सुरुवात केली. "किडे नसताना आकडे लिहू? त्यापेक्षा शिकवणी घेईन मी!"

मायलेकी दुकानात गेल्या. सकाळी किडे दिले म्हणून भांडलेली बाई संध्याकाळी ते परत मागायला आलेली पाहून दुकानदाराने काउंटर घट्ट धरला.

"कुठले किडे? माझ्या दुकानात किडे नाहीत!"

"सकाळचे हो, भाऊ. आमचे होते ते. चूक झाली माझी." हे शब्द आईच्या तोंडून कसे निघाले ते तिचं तिलाच माहीत.

"फेकले म्हटलं ना! गटारात!"

मग त्या दोघी इमारतीत दारोदार फिरल्या. समोरच्या काकूंना आईने शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "तुमच्याकडे पिठात किडे झालेत का हो? थोडे हवे होते."

"आमच्याकडे?" काकूंनी छातीवर हात ठेवला. "इतक्या वर्षांच्या ओळखीत हीच किंमत केलीत?"

तळमजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. तेच इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी दारातच पाठीमागे हात बांधले. "या प्रश्नाची मी लेखी नोंद घेऊ शकतो, याची कल्पना आहे ना?" तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तर दारच लावून घेतलं. किडे मागितल्याने माणसं इतकी चिडतात, हे धाकटीला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

सहाच्या ठोक्याला तिने वही उघडली. 'दिवस तेविसावा: शून्य. कारण: आई.'

"कारण आई?" आई उसळली. "घर राखायचं मी, वाफ सोसायची मी, आणि कागदोपत्री कारणही मीच?"

तेवढ्यात दारावर हळूच टकटक झाली. काकू होत्या. दोन्ही बाजूंना बघून त्या पटकन आत आल्या आणि त्यांनी मुठीतली पुडी पुढे केली. "आमचे नाहीत हं. बहीण आली होती, तिच्या सामानातून आले असावेत. एकतीस आहेत. कुणाला बोलायचं नाही, माझी शपथ आहे."

काकू जाऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात जाड पाकीट होतं. "हे मला जिन्यात सापडलं," ते छताकडे बघत म्हणाले. "आत काय आहे मला माहीत नाही. चव्वेचाळीस आहेत." शिवणकामवाल्या बाई स्वतः आल्या नाहीत. दोरी बांधून त्यांनी वरून खिडकीशी एक बटणांची डबी सोडली. डबीत पंधरा होते.

नव्वद किडे झाले. पांढऱ्या कागदावर ते पसरून धाकटी मोजायला बसली आणि एकाएकी किंचाळली, "आई, लाल ठिपका!"

आईने चष्मा लावला. काकूंच्या पुडीत दोन, पाकिटात तीन, डबीत एक. "माझं नेलपॉलिश!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत भलतीच चमक आली.

धाकटी धावत तिन्ही घरी विचारून आली. काकूंनी आजच दुपारी एक वाजता दुकानातून पीठ आणलं होतं. सेक्रेटरींनी तीन वाजता. शिवणकामवाल्या बाईंनी चारला. तिघांच्याही नव्याकोऱ्या पिठात हे निघालं होतं.

"म्हणजे त्याने माझी बरणी फेकली नाही!" आई उभी राहिली. "त्याच्या पिठाच्या पिंपात ओतली, आणि तेच पीठ साऱ्या इमारतीला विकलं! थांब, आता जातेच मी!"

"जाऊ नकोस!" धाकटीने तिचा हात धरला. "आधी मला गणित करू दे."

ती कागदावर झुकली. बाबा लांबून, जरा अंतर राखून बघत होते. "हे बघा," ती म्हणाली, "पिंपात माझे ठिपक्याचे चाळीस गेले. पीठ ढवळून विकलं, म्हणजे ते सगळीकडे सारखे पसरले असं धरू. आता परत आलेल्या नव्वदांत ठिपक्याचे सहा आहेत. पंधरात एक. मग चाळीस ठिपकेवाले असायला पिंपात एकूण किडे किती हवेत?"

"सहाशे," बाबा पुटपुटले. आकड्यांत त्यांचा जन्म गेला होता.

"त्यातले माझे एकशे वीस."

"म्हणजे त्याचे स्वतःचे चारशे ऐंशी!" आईने कपाळाला हात लावला, पण तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"पण हेही अंदाजेच की," बाबा जरा धीर करून म्हणाले.

"अंदाजेच आहे," धाकटी म्हणाली. "पण मी दार उघडून आत बघितलंय, बाबा."

बाबा पुन्हा चपला शोधायला लागले.

तिने सगळं जसं घडलं तसं लिहिलं. वाफ, चिठ्ठी, आई, दुकान, शेजारी, ठिपके आणि चारशे ऐंशी. नावं कुणाची दिली नाहीत, फक्त 'आई' दिलं, कारण ते टाळणं शक्य नव्हतं. उरलेले सात दिवस तिने त्या नव्वदांची मोजणी पुरी केली आणि वहीची नक्कल पाठवून दिली. निकाल लागेपर्यंत दुकानात एक शब्द बोलायचा नाही, असं वचन तिने आईकडून घेतलं. ते दोन आठवडे आईने कसे काढले ते विचारू नका. दुकानावरून जाताना ती तोंडात सुपारी धरायची, म्हणजे तोंड उघडणार नाही.

मग पत्र आलं. धाकटीची निवड झाली होती. पत्रात लिहिलं होतं की बऱ्याच अर्जदारांचे आकडे इतके नीटनेटके होते की ते खरंच मोजले का, असा प्रश्न पडला. आपली मोजणी मात्र पुरती बिघडली, आपण ती लपवली नाही, आणि बिघाडातूनच एक वेगळी संख्या काढलीत. धाकटीने पत्र दोनदा वाचलं आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आईने तिला पोटभर रडू दिलं. मग वहीचं ते पान आणि पत्र उचललं, चष्मा लावला, चप्पल पायात सरकवली आणि धाकटीलाही सोबत घेतलं.

दुकानात नेहमीची गर्दी होती. आईने पान काउंटरवर ठेवलं.

"चारशे ऐंशी," ती म्हणाली.

"काय चारशे ऐंशी?"

"किडे. तुमच्या पिंपातले. आमचे वगळून."

"मोजले कोणी?" दुकानदार खवळला. "माझ्या दुकानात एकही किडा..."

"हिने. आणि त्यावर हिला संस्थेत जागा मिळाली. हे पत्र."

दुकानदाराने पत्र ओढून घेतलं. मग पान घेतलं. ओठ हलवत त्याने ते वरपासून खालपर्यंत वाचलं. गिऱ्हाईकं वाट बघत होती. वाचता वाचता त्याच्या कपाळावरच्या आठ्या बदलत गेल्या, पण कमी झाल्या नाहीत.

"एकूण सहाशे?"

"हो, काका," धाकटी हळूच म्हणाली.

"त्यातले तुझे फक्त एकशे वीस?"

"हो."

"म्हणजे पाचातले चार हिस्से किडे माझे!" दुकानदाराने पानावर हात आपटला. "बारांतली जागा मिळते कुणाच्या जिवावर, आणि इथे आई आहे, शेजारी आहेत, बटणांची डबीसुद्धा आहे. माझं नाव कुठेय?"

एका गिऱ्हाइकाने हातातली पिठाची पिशवी अलगद काउंटरवर ठेवली.

आईने चष्मा उतरवला, पदराने पुसला आणि घडी घालून ठेवला. तिचं दहा वर्षांचं काम आज झालं होतं.

"लिही गं, धाकटे," ती म्हणाली. "यांचं नाव लिही. ठळक लिही."